कौसाबाईंनी न घेतलेल्या गोळ्या

परवा मंगळवारी कौसाबाईंच्या घरी गेले होते. पैठण रोडवरून आत पाच-सहा किलोमीटरवर त्यांचं गाव. आदल्या दिवशीच त्यांचं तेरावं झालं होतं. भेटायचं तर होतंच, शिवाय घरच्या सगळ्यांची टीबीची तपासणीही करायची होती.

नवीन मंडळींसाठी सांगते... मी मिशनच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर आहे. अकरा वर्षं झाली. दहा खाटा, दोन सिस्टर आणि धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी एक ॲम्ब्युलन्स, एवढा आमचा पसारा.

इथं आल्यापासून माझी एक सवय होती. पेशंट तपासून झाला की डोक्यावर हात ठेवायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, देवा, हिला बरं कर. बस, एवढंच. म्हाताऱ्या तर पदर सारखा करून स्वतःच डोकं पुढं करायच्या... कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

गेल्या दिवाळीच्या आसपास गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की दवाखान्यात औषधाच्या नावाखाली भलतंच चालतं. भांडण वगैरे काही झालं नाही. पण आमच्या ट्रस्टींचा निरोप आला, ओपीडीत प्रार्थना नको, सकाळी आपापल्या खोलीत करा. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, घाबरले होते.

त्याच आठवड्यात कौसाबाई आल्या. महिनाभराचा खोकला, वजन उतरलेलं. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला.

मी त्यांना मन लावून समजावलं. टीबी आता बरा होतो, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एक दिवसही चुकवायचा नाही. त्या मान हलवत होत्या. सगळं सांगून झालं तरी उठेनात... पदर डोक्यावर घेऊन तशाच बसून राहिल्या. मला वाटलं थकल्यात. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग कापूस वेचणीचे दिवस आले. गोळ्यांच्या पट्ट्या न्यायला दर महिन्याला त्यांचा मुलगाच यायचा. आई कशी आहे विचारलं की म्हणायचा, "हाय बरी, घेती गोळ्या." ओपीडीची गर्दी असायची. मी जास्त खोदून विचारलं नाही, त्यांना घेऊन ये असंही ठणकावून सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यात त्यांना उचलूनच आणलं. खोकल्यातून रक्त पडत होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, पण तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मला वाटलं, गोळ्यांना दाद न देणारा टीबी असणार. मनाची तशी समजूतही घालून घेतली होती...

मंगळवारी त्यांची सून मंदा आतून एक गाठोडं घेऊन आली. ज्वारीच्या कोठीत सापडलं म्हणाली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या होत्या, एकही फोडलेली नाही.

"आत्याबाई म्हणल्या व्हत्या, बाईनं डोक्यावर हात नाय ठेवला, आता आपलं काय खरं नाय," मंदा सांगत होती. "मला वाटलं, बोलतेत तसंच. गोळ्या घेतच नसतील असं मनात बी आलं नाय. पोराला पत्ता लागू नाय म्हणून आणायला लावायच्या, अन् झाकून ठेवायच्या."

मग कळलं, डोक्यावरच्या हाताचं हे गणित गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. अगदी शेवटच्या घटकेला आलेल्या पेशंटला आम्ही तसंच गाडीत घालून शहरात पळवतो. डोक्यावर हात ठेवायला वेळच नसतो, आणि त्यातले बरेच परत येत नाहीत. म्हणजे बाई हात ठेवतात तो वाचतो, ठेवत नाहीत तो जातो! अकरा वर्षं हा हिशोब गावात चालू होता आणि मला पत्ता नव्हता.

मंदाला मी खरं ते सांगितलं. तो व्हॉट्सॲपचा मेसेज, ट्रस्टींचा निरोप, माझी भीती... सगळं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"असं व्हय..." ती म्हणाली. "मंग तेवढं सांगायचं ना त्यास्नी, डॉक्टरीणबाई. आत्याबाईंनी उठून दार लावून घेतलं असतं, अन् मंग डोकं पुढं केलं असतं."

त्यावर मला खूप रडू आलं. गोळ्या कशा घ्यायच्या ते मी त्यांना दहा मिनिटं समजावलं होतं. मी घाबरले आहे, एवढं सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. देवाची क्षमा मी रोज मागते आहे, तो करीलही... कौसाबाईंची मागायची मात्र राहून गेली.