हुबळीला जाऊन हजार बेकेरेल पुरले

शनिवारी सकाळी अप्पा दुकानात चहापूड जोखत होते. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून म्हणालो, "हुबळीला जातो. कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन आहे."

बी.एस्सी. अर्ध्यावर सोडलेला पोरगा विज्ञान बघायला निघाला म्हटल्यावर अप्पांनी तराजू खालीच ठेवला. खरं कारण सुमन, माझ्या वर्गातली. रविवारी तिला बघायला निपाणीचे येणार होते. त्याआधी मनातलं बोलायचंच होतं.

आमच्या अळणावरहून जायचं तर सकाळची पॅसेंजर धरा. बसपेक्षा स्वस्त, आणि उशीर झाला की शिव्या द्यायला सोबत भरपूर. धारवाडला फलाटावर पेढे मिळतात. सुमनसाठी पाव किलो घेतले, उणकल येईपर्यंत निम्मे खाल्ले. प्रेमात भूक मरते म्हणतात. माझी नाही मरत. हुबळीत उतरून सिटी बसनं विद्यानगर; कॉलेजच्या दारात गाड्यावर गिरमिट, म्हणजे इकडचे मसालेदार चुरमुरे, आणि मिरची भजी खा, पण भजी प्रेमाच्या भेटीनंतर. मी आधी खाल्ली, त्यामुळे डोळ्यांतून पाणी गाळतच हॉलमध्ये शिरलो.

टेबलामागे सुमन. समोर टक्‌टक् करणारं यंत्र, त्याखाली बशीत गॅसबत्तीची पांढरी जाळी, तीच जी पेटवली की उजेड देते. शेजारी पाटी: 'थोरियमची जाळी. सुमारे हजार बेकेरेल.'

आम्हाला सरांनी किरणोत्साराचं माप म्हणून क्युरी शिकवलं होतं. एका क्युरीच्या आसपास उभं राहायचं नाही, असं बजावलं होतं. पुढे त्याच सरांशी मार्कांवरून भांडून मी कॉलेज सोडलं आणि माझ्यामागे अभ्यासक्रमात माप बदललं. मी दुकानदाराचा पोरगा. शेर गेला, किलो आला. असून असून फरक किती, मूठभर! बेकेरेल म्हणजे क्युरीपेक्षा थोडं इकडं-तिकडं. आणि इथं हजार! आणि सुमन त्यावर वाकून उभी!

"सुमन, मागं हो!" मी ओरडलो, रुमालात जाळी गुंडाळली आणि पळालो. बागेत झेंडूच्या वाफ्यात हातांनी खड्डा खणून पुरली.

"अय्यो, नन्न हूवु!" माळी झारी घेऊन धावला. माझी फुलं, माझी फुलं! अर्धा वाफा उपटला होता मी.

मागून सुमन आली. "श्रीकांत, काय केलंस हे?"

"तुझा जीव वाचवला."

"तुमच्या दुकानात ह्याच जाळ्या विकता की रे! एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. एक क्युरी म्हणजे सेकंदाला तीन हजार सातशे कोटी!"

मी कोटींची शून्यं मोजत होतो तेवढ्यात सर आले. तेच.

"येनप्पा, काय रे बाबा, परत आलास? आणि माझी जाळी पेरलीस?"

डोकं तापलं. पण सुमन बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "चुकलं, सर."

सरांनी शिक्षा दिली: संध्याकाळपर्यंत टेबलापाशी उभं राहून येईल त्याला हे माप समजावायचं. पहिलंच गिऱ्हाईक एक म्हातारी अक्का. काय सांगू? म्हटलं, "फोडणीत मोहरी तडतडते ना? सेकंदाला एक दाणा तडकला, की एक बेकेरेल."

"आणि ते दुसरं?"

"क्युरी? अख्ख्या कर्नाटकाची फोडणी एका कढईत."

अक्का हसली, सुमनही हसली. सर हसले नाहीत, पण जाताना म्हणाले, "सोमवारी वर्गात ये. मोहरी आणू नको."

दारात सुमनला उरलेले पेढे दिले आणि धाडकन सगळं सांगून टाकलं. तिनं एक पेढा खाल्ला. "निपाणीच्यांना नाही म्हणणार आहे. मला एम.एस्सी. करायचंय."

"आणि मला?"

"वर्षभर कुणाशी भांडू नकोस. मग बघू."

घरी सांगितलं. अप्पा म्हणाले, "ती पोरगी दुकानात बसेल का? हिशेबाला बरी आहे." म्हणजे परवानगी मिळाली.

न भांडता आज पाचवा दिवस. अळणावर ते हुबळी पासही काढलाय. तो घेताना खिडकीतल्या माणसानं मला तासभर ताटकळत ठेवलं आणि वर माझं नाव 'श्रीकांता बाई' लिहिलं. मी हसून "थँक्यू अण्णा" म्हणालो. दात अजून दुखतायत.