आठ ते अकरा, निम्मा स्पीड

नव्या गिऱ्हाइकाला कनेक्शन द्यायच्या आधी आमच्या वहिनी त्याला शेजाऱ्याच्या घरी पाठवायच्या. कोणी ऑफिसात येऊन नेट पाहिजे म्हणालं की विचारायच्या, "कुठची बिल्डिंग? मग दुसऱ्या माळ्यावर आपलं कनेक्शन आहे. उद्या रात्री नऊला त्यांच्याकडे बसा, पिक्चर लावून बघा. अडकत अडकत चालेल. तेवढ्यावर भागत असेल तर या." बरीच माणसं परत यायचीच नाहीत. धंदा मांडून बसलेल्या बाईने असं बोलावं, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही.

चारकोपच्या एका सेक्टरमध्ये तळमजल्यावरच्या गाळ्यात आमचं ऑफिस होतं. धंदा मूळ त्यांच्या नवऱ्याचा, केबलचा. वायर ओढणारी पोरं त्याला भाऊ म्हणायची म्हणून या वहिनी. पुढे केबल जाऊन नेट आलं, भाऊही गेले, वहिनी मालक झाल्या, पण हाक तीच राहिली. गाव मालवणकडचं. गिऱ्हाइकाशी शहरातलं बोलायच्या, आणि जीव वैतागला की गावचं.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली आणि काही वर्षांनी मावशीकडे चारकोपला आले. वहिनींनी मला फोन घ्यायला ठेवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुला इंग्रजी येत नाही. लोक ओरडतील. एखादा घाण पण बोलेल. पहिला महिना तू रडशील. दुसऱ्या महिन्यात कमी. येतेस का?" माझा स्वभाव असा, की फोनची रिंग वाजली तरी आधी वाईटच मनात येतं. गावाहून निघताना सगळे म्हणाले होते, काही होत नाही गं, मुंबईत सगळ्यांचं छान होतं. ते ऐकून मी आणखी घाबरले होते. किती वाईट होईल ते मोजून सांगणारी ही पहिली बाई. मी रडले, त्यांनी सांगितलं होतं तेवढंच. त्यानंतर त्यांच्या बोलण्यावर मी पाय रोवून उभी राहायला शिकले.

संध्याकाळी आठ वाजले की आमच्याकडे फोनचा मारा सुरू व्हायचा. "मॅडम, शंभरच्या स्पीडचे पैसे भरतो, शंभर का येत नाही?" "मुलाची मीटिंग आहे अमेरिकेत, तुमचं नेट बैलगाडी झालंय." मी गांगरले की वहिनी फोन हातातून घ्यायच्या. "साहेब, आम्ही वरच्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेतो आणि ती सगळ्यांना वाटतो. टोप एकच आहे, रात्री ताटं वाढतात. अकरानंतर बघा, धावेल." समोरचा म्हणायचा, "मग मोठा टोप घ्या ना." ते वहिनींच्या हातात नव्हतं. वरची कंपनी भाव वाढवत होती. आम्ही बिल थोडं जरी वाढवलं तर लोक म्हणायचे, बाजूचा याच पैशात डबल स्पीड देतो. स्पीड दरवर्षी जास्त पाहिजे आणि बिल तेच राहिलं पाहिजे. हे गणित कोणाला सुटतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी एकदा चिडून म्हणाले, "वहिनी, सगळेच शंभर सांगतात. आपण पण सांगू. कोण मोजतंय?"

"खोटा बोलान गिऱ्हाईक गावता गो," त्या म्हणाल्या, "पण मगे तोच रोज आठ वाजता फोन करता. आणि तो फोन तू उचलतंस."

मी पुढचा फोन उचलला.

मग एका सोसायटीची सभा आली, नेट कोणाचं घ्यायचं ते ठरवायला. आमची सगळ्यात मोठी सोसायटी, सात विंगा. ती सुटली तर गाळ्याचं शटर खाली, माझी नोकरी गेली, आणि मी परत हिंगोलीच्या गाडीत. मला आठवडाभर जेवण जात नव्हतं. एका मोठ्या कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. सेक्रेटरी मात्र आमच्या बाजूचे. भाऊंनी त्यांच्या घरी पहिली केबल टाकली होती. सभेच्या आधी सेक्रेटरींनी वहिनींना जिन्यापाशी गाठलं. "वहिनी, हा टायवाला तुमच्यापेक्षा महाग आहे, कोणालाच नको आहे. मी सगळ्यांसमोर एकच विचारणार, रात्री शंभर मिळेल का. तुम्ही 'मिळेल' म्हणा. बाकी मी सांभाळतो."

सभेत त्यांनी विचारलं. टायवाला ताबडतोब म्हणाला, "मिळेल सर, शंभर काय, दोनशे." मग सगळे वहिनींकडे बघायला लागले. मी बाकाखालून त्यांचा पदर ओढला.

"दिवसा मिळेल," वहिनी म्हणाल्या. "आठ ते अकरा निम्मा. तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही रोज भांडता."

लोक हसले. सेक्रेटरी परत म्हणाले, "अहो, पण पुढे वाढवणार ना तुम्ही?"

"भाव बघून सांगते. आता नाही सांगू शकत."

सोसायटी गेली. परत येताना मी रस्ताभर बडबडले. एक शब्द, वहिनी, एक शब्द बोलायचा होता, तो माणूस हात जोडून मागत होता. गाळ्यापाशी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "माझा चुकला असात. पण माका ता बोलाक येणा नाय." आणि कुलूप उघडलं.

खरी कमाल पुढे झाली. मोठ्या कंपनीच्या वायरी लागल्या, आणि त्याच आठवड्यात आठ वाजता आमचा फोन वाजायला लागला. तीच सोसायटी. "नेट स्लो आहे हो." मी म्हणाले, "तुम्ही आता आमच्याकडे नाही." तर म्हणे, "माहीत आहे. पण त्यांच्याकडे कोणी फोनच उचलत नाही. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. तुम्ही निदान ऐकून तरी घेता." माझ्या अंगाचा भडका उडाला. वर्षाचे पैसे आगाऊ तिकडे भरून बसलेली माणसं, आणि तक्रार ऐकायला आम्ही. फोन आपटणार होते, तर वहिनींनी हात धरला.

"अकरानंतर बघा म्हणून सांग."

"वहिनी, ते आपले नाहीत."

"नंबर आपला लावलाय ना? सांग."

सांगितलं. रोज सांगितलं. त्यातलं एकही घर परत आलं नाही.

शेवटी वहिनींनी उरलेली गिऱ्हाइकं आणि वायरी त्याच कंपनीला विकल्या. सौदा करताना अट घातली, की या मुलीला तुमच्याकडे कामाला घ्यायचं. मला हे कंपनीच्या माणसाकडून कळलं. निघताना मला म्हणाल्या, "तिकडे एसी आहे. पगार वेळेवर. पण खोटं बोलावं लागेल. थोडे दिवस परत रडशील." आणि गावी गेल्या.

आता मी अंधेरीत हेडफोन लावून बसते. समोर वाक्य येतं ते वाचायचं, "आपली गैरसोय लवकरच दूर होईल." दुसरं काही बोललं की साहेब बोलावतात, कॉल टेप होतो. गैरसोय कधी दूर होणार ते मला माहीत नसतं, साहेबांना नसतं, आणि ऐकणाऱ्यालाही कळतं की आम्हाला माहीत नाही. तरी तो दुसऱ्या दिवशी फोन करतो आणि मी तेच वाक्य वाचते.

वहिनींच्या घरात रेंज नाही. विहिरीजवळ गेलं तर येते. गेल्या गेल्या त्यांनी कळवलं होतं, "सकाळी पाणी काढायला जाते तेव्हा फोन कर. बाकी वेळी लागणार नाही. उगाच लावत बसू नको."

परवा साहेबांनी उद्या भेटा म्हणून निरोप ठेवला, कारण सांगितलं नाही. संध्याकाळभर मी नोकरी गेली असंच धरून बसले. वहिनींचा नंबर काढला आणि फोन परत उशाशी ठेवला. रात्री लागणार नव्हता, आणि सकाळी लागणार होता. इतकं पक्कं मला या शहरात दुसरं काहीच माहीत नाही. तेवढ्यावर डोळा लागला.

सकाळी लावला, वहिनींनी पहिल्या रिंगला उचलला. मागे रहाटाचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

"ओरडतील," वहिनी म्हणाल्या. "काढणार नाहीत. जा."