भिंतीवरचा पंप

ऐंशीच्या दशकातला एक रविवार. मुलुंड पूर्वेला आमच्या दोन खोल्या... संध्याकाळी पाच वाजता ताईला बघायला पाहुणे येणार होते.

बाहेरच्या खोलीच्या भिंतीत एकच खिळा टिकायचा. बाकी कुठेही ठोकला की पोपडा यायचा, आत नुसती रेती. त्यामुळे त्या एका खिळ्यावर काय लावायचं, हा घरात खरोखरच प्रश्न असायचा. एरवी तिथे कॅलेंडर असे.

पण याआधीच्या दोन्ही स्थळांनी विचारलं होतं, "मुलीला भरतकाम वगैरे येतं का?" ताई तेव्हा अठ्ठावीसची, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली यंत्रं दिवसभर वाकून शाईने उतरवायची. सुई तिने बटण लावण्यापुरतीच हातात धरली होती, आणि तसं तिने सांगितलंही. दोन्हीकडून नकार आला.

बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आईला घाई होती. या वेळी तिने शेजारच्या फिलोमिना मावशींकडून त्यांनी भरलेली एक फ्रेम मागून आणली. निळ्या पाण्यात दोन हंस... काम सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. कॅलेंडर उतरलं, हंस चढले.

ताई केस पुसत बाहेर आली आणि फ्रेमसमोर थांबली.

"आई, खाली एफ. पी. लिहिलंय."

आईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. तिला ती पानांची नक्षी वाटली होती.

"फिलोमिना परेरा, अजून कोण?" मावशी दारातच उभ्या होत्या. "त्यात काय गो? सांगायचं, एफ. पी. म्हणजे फॅमिली परब."

आम्ही परब. मी हसून हसून खाली बसले. आई मात्र गंभीरपणे म्हणाली, "चालेल की!"

ताईही हसली. मग स्टुलावर चढली, फ्रेम उतरवली, काच पुसली आणि मावशींच्या हातात दिली. "मावशी, एवढं मेहनतीचं काम... तुमच्याच नावाने राहू दे."

कपाटामागून तिने स्वतःचं एक ड्रॉइंग काढलं. ऑफिसात रद्द झालेली प्रिंट, हार्डबोर्डवर चिकटवून कडेने काळी पट्टी लावलेली. कधी लावली होती, कोण जाणे. तिने ते खिळ्यावर टांगलं आणि सुतळी सरळ केली.

"हे काय? नळ?" आई.

"पंप आहे. उभा कापलेला."

"पाहुण्यांना पंप दाखवणार? वाट लागली!"

"यावर माझी अक्षरं आहेत, आई." खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, मुंगीएवढी... एस. पी.

मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. करत होते. कलेतलं कळणारं घरात एकच माणूस आणि ते मी, असा माझा समज होता. त्या दिवशी पहिल्यांदा ताईचं काम नीट पाहिलं. यंत्राचा जो भाग कापलेला दाखवायचा, तिथे तिरक्या समांतर रेघा मारतात, त्याला हॅचिंग म्हणतात. शेकडो रेघा. दोन रेघांमधलं अंतर ती मोजत नाही, डोळ्याने धरते... आणि एकही रेघ दुसरीच्या जवळ सरकलेली नव्हती.

पाहुणे चौघे आले. मुलगा, आईवडील, आत्या. आत्या म्हणाल्या, "इंजिनाचं चित्र वाटतं." आईने घाईघाईने पोह्यांची बशी पुढे केली.

मुलाचे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गच्या एका वर्कशॉपमध्ये लागलेले. त्यांनी बशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि थेट उजव्या खालच्या कोपऱ्यापाशी गेले. कामातलं माणूस पहिल्यांदा तिथेच बघतं, हे ताईने मला नंतर सांगितलं.

"एस. पी. कोण?"

"मी. सुमन परब."

बोट न टेकवता त्यांनी ते रेघांवरून फिरवलं. मधल्या दांड्यापाशी थांबले. "हा शाफ्ट कोरा सोडलास. विसरलीस काय?"

आईचा चेहरा उतरला.

"नाही काका. शाफ्ट लांबीत कापला तर हॅचिंग करत नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "बरोबर. आमच्याकडे शिकलेली पोरंसुद्धा इथे चुकतात." मग ती दोघं भिंतीसमोर उभी राहून बोलत राहिली. त्यांचे पोहे गार झाले.

तिसऱ्या दिवशी होकार आला. आईने देवापुढे साखर ठेवली. ताई ऑफिसातून आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला नाही करायचं."

"अगं, सासरे एवढे खूश झाले तुझ्यावर..."

"काका फार चांगले आहेत. पण लग्न काय काकांशी करायचंय? मुलगा तासभर त्या भिंतीसमोर बसला होता. वडील उठले, मी उठले... त्याने एकदा तरी मान वर करून पाहिलं?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं पाहिलं.

आईने चपला घातल्या आणि स्वतः मध्यस्थांच्या घरी गेली. परत आली तेव्हा फिलोमिना मावशी गॅलरीत उभ्या होत्या. "काय गो, काय कळवलं त्यांनी?"

"त्यांचा होकार होता," आई म्हणाली. "आमच्या मुलीने नाही म्हटलं." अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल, अशा आवाजात.

तोवर नकार नेहमी बाहेरून आमच्या घरात यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तो आमच्या घरातून बाहेर गेला... ताईचं कौतुक तर आहेच. पण तो नकार स्वतःच्या पायांनी पोचवून आलेल्या आईची मी आजही ऋणी आहे.