भट्टीवरचं पांघरूण

"पांघरूण काढ म्हटलं ना!"

"नाही काढत. आणि तू हात लावलास तर मी खरंच ओरडेन, ताई."

"ओरड की. मघापासून दुसरं काय करतोयस?"

"अगं, ही भट्टी आता माझी आहे! कागद आहे माझ्याकडे. तुझी सही आहे त्याच्यावर, ठसठशीत."

"म्हणून तर परत न्यायला आलेय."

"लोक असले कागद करतात ते वस्तू वाचवायला! वाचलेली वस्तू स्वतःहून कोर्टाच्या दारात नेऊन ठेवणारी तूच पहिली. घ्या हो साहेब, ही न्यायची राहिली होती तुमची!"

हे सगळं चाललं होतं भावाच्या घरातल्या अडगळीच्या खोलीत. एका बाजूला एकात एक घातलेले नारिंगी शंकू, दुसऱ्या बाजूला 'शिकाऊ' लिहिलेल्या लाल पाट्या, आणि मध्ये फुलाफुलांच्या पांघरुणाखाली ती भट्टी. तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. दारात भावजय उभी.

"मी काय म्हणते, तुमचं काय ते ठरेपर्यंत कपडे उचलू की राहू देत?"

"राहू दे!" भाऊ म्हणाला.

"उचल," ताई म्हणाली.

भावजयीने फक्त स्वतःची साडी तेवढी उचलली आणि ती गेली.

भट्टीची मालकीण म्हणजे कवळीताई. वय चौपन्न. गेली तीस वर्षं ती लोकांचे दात करते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्यावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा खोक्यातून हिच्याकडे येतो, आणि ही त्याच्यावर कवळी बसवते नाहीतर पुढच्या दाताची कॅप घडवते. कॅप भट्टीत भाजावी लागते, एकदा नाही, तीन-चार वेळा, आणि दर वेळी रंगाचा एक पातळ थर चढवायचा. तिच्या कारखान्यात, म्हणजे रस्त्याकडच्या एका खोलीत, एक अख्खी भिंत जुन्या जबड्यांनी भरलेली. प्रत्येकावर नंबर. दोन-अडीचशे माणसं एकदम आपल्याकडे बघून दात विचकतायत असं वाटतं. वसुलीवाला पहिल्यांदा आला तेव्हा त्याने खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ केली आणि मगच धमकी दिली.

वसुलीवाला का आला, तर चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मापं घेणं सोडलं आणि तोंडात कॅमेरा फिरवून चित्रं पाठवायला सुरुवात केली. चित्रावरून दात कोरायला मशीन लागतं. ताईने कर्ज काढून ते घेतलं, कपाटाएवढं. ते येऊन बसलं आणि वर्षभरात निम्म्या डॉक्टरांनी कामं एका मोठ्या कारखान्याकडे वळवली, कारण तिथे स्वस्त पडत होतं. मग मशीनचा हप्ता भरायला एक क्रेडिट कार्ड, त्या कार्डाचा हप्ता भरायला दुसरं. फोन एवढे यायला लागले की ताई फोन प्लास्टरच्या पिंपात ठेवायची. मग पिंप वाजायचं.

तेव्हा भाऊ धावून आला. भाऊ धाकटा, मोटार शिकवतो. शिकणाऱ्यांच्या पायाशी एक ब्रेक आणि याच्या पायाशी दुसरा, म्हणून अख्खी पेठ त्याला ब्रेकमास्तर म्हणते. तीन वर्षांपूर्वी एका शिकणाऱ्याने असा काही ब्रेक मारला की मास्तरांचा पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून तो बोलताना तोंडावर हात धरतो, भांडतानासुद्धा. "मी करून देते ना कॅप," ताई शंभरदा म्हणाली असेल. "आधी तुझे हप्ते संपू देत," हा शंभरदा म्हणाला.

"सगळं नेतील, पण भट्टी नको जायला," तो म्हणाला होता. "भट्टी असली तर तू कुठेही बसून कमावशील. माझ्या नावावर कर." कागद झाला. किंमत लिहिली दोन वेळच्या जेवणाएवढी, आणि तीसुद्धा कुणी कुणाला दिली नाही. शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून भट्टी गेली. ताई आठ महिने शेजारच्या एका कारखान्यात तासावर भट्टी मागून कामं करत राहिली.

आणि मग ती एका मंगळवारी वकीलबाईंकडे गेली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मंगळवारी फुकट सल्ला मिळतो. वकीलबाई वयाने लहान. वरचा डावा सुळा जरा फिरलेला, हे ताईने नमस्काराआधीच पाहिलं. प्रश्न तिने ऑर्डरच्या चिठ्ठीमागे लिहून नेले होते.

"दिवाळं काढलं तर तुरुंगात टाकतात का हो?"

"पैसे फेडता आले नाहीत म्हणून? नाही."

"पेपरात नाव येतं?"

"सरकारी नोंदीत येतं. कुणी मुद्दाम शोधत बसलं तर सापडेल. एवढा रिकामा वेळ कुणाला आहे?"

"शेजारणीला आहे."

वकीलबाई हसल्या. सुळा आणखी दिसला. "पुढचा."

"फोन बंद होतील?"

"अर्ज दाखल झाला की वसुलीचा फोन करता येत नाही त्यांना. आलाच तर केसचा नंबर सांगायचा आणि ठेवून द्यायचा."

"एवढंच?"

"एवढंच."

ताईने तो प्रश्न दोनदा खोडला.

"कर्ज सगळं जातं?"

"कार्डांचं जाईल. कर, दंड असलं काही असेल तर ते राहतं. मशीन तारण आहे ना? ते कंपनी उचलून नेईल."

"नेऊ दे मेलं. त्याचा आवाजच मला कधी आवडला नाही. आणि भावाला धरतील का?"

"जामीन म्हणून कुठे सही केलीय त्यांनी?"

"नाही."

"मग नाही."

"शेवटचा. मला परत धंदा करता येईल?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "करायचाय?"

"दुसरं येतंय काय मला?"

"मग खुशाल करा. कर्ज मिळायला मात्र काही वर्षं जड जाईल."

"कर्ज!" ताई म्हणाली. "नाव नका काढू."

मग वकीलबाईंनी अर्ज पुढे ओढला. आता प्रश्न त्यांचे. घर भाड्याचं? हो. दागिने? नाहीत. गाडी? नाही. "गेल्या दोन वर्षांत एखादी वस्तू नातेवाइकाला दिली, विकली, कुणाच्या नावावर केली?"

"नाही," ताई म्हणाली.

वकीलबाई लिहायला लागल्या, आणि ताईला आपलाच आवाज कानात ऐकू आला. हे 'नाही' तिच्या चांगलं ओळखीचं होतं. कवळी पहिल्यांदा बसवली की माणसाच्या दातांत निळा कागद धरून चावायला सांगतात. उंच लागतंय का? नाही. दुखतंय का? नाही, नाही, छान आहे! भिडस्त माणसं खोटं बोलून घरी जातात, आणि ती कवळी पुढे जन्मभर खणात पडून राहते. तीस वर्षांत असली 'नाही' तिने किती ऐकली असतील! 'नाही' जरा लवकर आलं की ती ओळखायची, आणि पुन्हा चावायला लावायची.

"थांबा," ती म्हणाली. "खोडा ते."

सगळं ऐकून घेतल्यावर वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, धंद्याची हत्यारं एका ठराविक किमतीपर्यंत कायदा सोडतोच! ती भट्टी तुमच्याकडेच राहिली असती तर मी दोन ओळींत वाचवली असती. लपवलीत म्हणून धोक्यात आली. उद्या कुणी शोधून काढली तर भट्टी जाईल, आणि कर्ज माफ व्हायचं तेही अडकेल."

"मग आता?"

"अर्जाआधी परत आणा. कागद फाडू नका. दिली कधी, आणली कधी, का दिली, सगळं लिहायचं."

"मग राहील भट्टी?"

"राहावी. पक्कं वचन मी कुणालाच देत नाही. पण असं गेलात तर मी तुमच्या बाजूने ताठ मानेने उभी राहू शकते."

तिथून ताई थेट भावाकडे आली होती. आणि आता पांघरुणाची दोन टोकं दोघांच्या हातात होती.

"म्हणजे माझं नाव अर्जात येणार?" भावाने विचारलं. तोंडावर हात.

"येणार."

"चोर म्हणून!"

"भाऊ म्हणून. नात्याचा वेगळा रकाना आहे तिथे."

"हसू नकोस ताई. माझ्या गाडीवर माझं नाव आहे, खाली फोन नंबर आहे. लोक आपल्या घरची माणसं माझ्या शेजारच्या सीटवर बसवतात. उद्या म्हणतील, हाच ना तो, बहिणीचा माल दडवणारा?"

"दडवला नव्हतास का?"

"तुझ्यासाठी!"

"माहितेय रे." ताईचा आवाज खाली आला. "माहितेय म्हणून आठ महिने गप्प बसले. पण तू एक सांग. शिकणारा चुकून उलट्या रस्त्याला शिरला तर तू काय सांगतोस?"

"ते वेगळं."

"काय सांगतोस?"

"...थांबायचं."

"मग?"

"मागे बघायचं. सिग्नल द्यायचा. आणि गाडी मागे घ्यायची."

"कुणी बघत असलं तरी?"

भाऊ चिडला. "बघत असलं तरी! पण ती गाडी आहे, ताई, आणि हे कोर्ट आहे! त्यांनी नेली तर? मग काय करशील, बोल. हाताने भाजशील दात?"

"नेली तर रडेन," ताई म्हणाली. "पण आत्ता मला झोप येत नाही, ते आधी थांबू दे."

भावाने पांघरुणाचं टोक सोडलं. त्याने इस्त्रीचे कपडे एकेक करून शंकूंवर ठेवले. पांघरुणाची घडी केली, तीही वाकडीतिकडी. मग भट्टीच्या एका बाजूला उकिडवा बसला.

"ती बाजू तू धर. आणि कमरेतून वाकू नकोस, आधीच तुझी पाठ म्हणजे!"

दीड महिन्याने सुनावणी झाली. कोर्टाची मोठी खोली वगैरे काही नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, आणि कोर्टाने नेमलेला अधिकारी, चष्मा कपाळावर चढवलेला. ताईच्या शेजारी वकीलबाई, मागच्या खुर्चीवर भाऊ. लग्नातला कोट घालून.

"ही भट्टी भावाला विकली होती?"

"विकली असं लिहिलं. पैसे घेतले नाहीत."

"का दिली?"

वकीलबाईंनी शिकवलेलं एक वाक्य होतं. ताईला ते आठवेना. "घाबरले होते," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "आता कुठे आहे?"

"माझ्याकडे. रोज चालते. अकरा वर्षांची आहे, दार नीट लागत नाही, चमचा अडकवावा लागतो."

"चमचा," तो म्हणाला, आणि त्याने बहुतेक तेही लिहिलं. "भाऊ आलेत?"

भाऊ एवढ्या जोरात उठला की खुर्ची मागे पडली.

"कागदावरची सही तुमचीच?"

"माझीच. भट्टीही मीच नेली आणि मीच परत आणली. माझ्या गाडीतून."

"बरं. बसा." अधिकारी लिहिता लिहिता स्वतःशी वाचल्यासारखं बोलला, "धंद्याचं हत्यार... जुनं... सवलतीच्या मर्यादेत. भट्टी राहू दे. पुढचे कोण आहेत?"

जिन्यात भाऊ थांबला. "झालं?"

"झालं."

"मी कोट घातला होता!"

"छान दिसत होतास," ताई म्हणाली. खाली येईपर्यंत तिला हसू आवरेना. हसता हसता शेवटच्या पायरीवर ती मटकन बसली आणि थोडी रडलीही.

मशीन गेलं ते चार माणसांनी उचलून. जाताना दाराची चौकट सोलून गेलं. त्या जागी आता खिडकीचा उजेड थेट टेबलावर येतो, आणि ताईच्या कामाला तेच हवं असतं. जुन्या वळणाचे एक डॉक्टर अजून खोकी पाठवतात. कॅमेऱ्यावाल्यांपैकी दोन डॉक्टरही परत आले, पुढच्या दातांपुरती मापं घेऊन. मोठ्या कारखान्याच्या कॅप मापात येतात, पण पुढच्या दाताचा रंग जुळत नाही, आणि पेशंट आरशासमोरून हलत नाही. एवढ्याने कुणी श्रीमंत होत नाही. पण भाडं वेळेवर जातं, आणि पिंपात फक्त प्लास्टर असतं.

कर्जमाफीचं पत्र काही महिन्यांनी आलं. एकच पान. ताईने ते दोनदा वाचलं, जबड्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, वर नंबर टाकला आणि खोकं भिंतीवर चढवलं. मग फोन केला. "मास्तर, माझे हप्ते संपले. आता कधी येतोस?"

पंधरवड्यात डॉक्टरांनी त्याचा तुटका दात कॅपसाठी कोरून माप पाठवलं होतं. कॅप तीनदा भाजून झाली होती. भाऊ खिडकीपाशी स्टुलावर बसला, आणि ताईने कॅप तात्पुरती चिकटवून मध्ये निळा कागद धरला.

"चाव. उंच लागतंय?"

"नाही."

"मास्तर..."

"...डावीकडे. जरासं."

ताईने कॅप काढली, घासली, परत बसवली. "आता?"

भावाने दोनदा चावून पाहिलं, तिसऱ्यांदा नुसतीच जीभ फिरवली. "आता नाही."

हे 'नाही' ताईने मान्य केलं. पाठ फिरवून ती हत्यारं पुसायला लागली, आणि पुसता पुसता, जणू काही सहजच, तिने विचारलं, "काय रे, अर्जात नाव आलं ते अजून मनात आहे का तुझ्या?"

भाऊ स्टुलावरून उतरला. टेबलावरची गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर पडला.

खिडकीतून ताईला गाडी दिसत होती. शिकायला आलेल्या एक बाई स्टिअरिंगपाशी केव्हाच्या ताटकळत होत्या. भाऊ शेजारच्या सीटवर बसला, त्याने आतला आरसा स्वतःकडे वळवला आणि ओठ फाकवले.

"अहो मास्तर," बाई म्हणाल्या, "आरसा मला लागतो ना?"