कुकरची रिंग

पद: तंत्रज्ञ, पेशी-तपासणी विभाग. काम: गाठीच्या तुकड्यांचे पातळ काप काढणे, काचेवर घेणे, रंगवणे. मत देणे: अपेक्षित नाही.

हे झालं कागदावरचं. विभागात तिला सगळे तपकिरीताई म्हणत. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते असलं की काचेवर पेशींभोवती तपकिरी रेघ उमटते. ती रेघ ताईच्या हातून जशी उमटे, तशी कुणाच्याच हातून नाही.

त्या दुपारी स्तनाच्या गाठीची एक काच कोरी निघाली. प्रथिनच नाही, म्हणजे पेशींनी एकमेकींचे हात सोडलेले. अशा पेशी पांगतात, आजार दिसतो त्याहून मोठा निघतो. उद्याचं ऑपरेशन किती मोठं करायचं, ते रिपोर्टमधल्या या एका ओळीवर ठरणार होतं. पेशंटची मोठी बहीण सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती. डॉक्टरांनी पेन उघडलं.

“साहेब, सही नका करू.”

“का? रंग तपासायची पडताळणीची काच तर झकास तपकिरी आलीय.”

“ती सकाळच्या घाण्यातली. ही दुपारच्या. जरा हिच्या कोपऱ्यात बघा, दुधाची निरोगी नळी आहे.”

डॉक्टरांनी पाहिलं. निरोगी नळीही कोरीच. धडधाकट पेशींनासुद्धा रंग नाही, म्हणजे खोट गाठीत नव्हती, रंगवण्यात होती.

रंगवण्याआधी काचा कुकरमध्ये उकळतात. कुकर साधाच, घरातल्यासारखा. दुपारी त्याची रिंग सैल पडून वाफ निसटली होती, आणि काच नीट उकळली नाही की रंग धरत नाही.

“मग नवी मागवायची ना!”

“तीन महिने झाले मागवून. ‘घरगुती वस्तू, नामंजूर’ असा शेरा आलाय.”

ताई तडक घरी गेली आणि स्वतःच्या कुकरची रिंग काढली.

“अगं, मग भात?” नवऱ्याने विचारलं.

“पातेलं नावाची वस्तू असते. सापडेल, शोधा.”

संध्याकाळी दुसरी काच तयार झाली. गाठीतल्या एकेका पेशीभोवती तपकिरी रेघ. आजार होताच, पण पेशी एकमेकींना धरून होत्या. रिपोर्ट बदलला, मोठ्या ऑपरेशनचा बेत रद्द झाला.

“काय आलं हो, ताई?” बाकावरच्या बहिणीने विचारलं.

“ते साहेब सांगतील,” ताई म्हणाली, आणि साहेब बाहेर येईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिली.

ताईच्या पदाचं वर्णन अजून तेच आहे. ती रजेवर असली की डॉक्टर त्या रंगाच्या रिपोर्टवर सही करत नाहीत.