साळवे काकांनी न केलेली सही

साळवे काका गेल्याचं मला कंपनीच्या ग्रुपवर आलेल्या फोटोवरून कळलं. फोटोला हार, खाली मजकूर: ‘गुणवत्तेचा खंदा शिलेदार हरपला.’ लिहिणारे होते आमचे मोठे साहेब. ते वाचून मला आधी रडू आलं नाही, संताप आला. महिना उलटला तरी तो उतरत नाही, म्हणून हे लिहितेय.

शमुवेल साळवे मूळचे बेलापूरचे. नगरच्या एमआयडीसीत मोटारींच्या अ‍ॅक्सलचे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात टेस्टिंगची खोली त्यांच्या ताब्यात होती. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा सांधा ते मशिनवर चढवायचे, दिवसचे दिवस फिरवायचे आणि मग उघडून आतलं ग्रीस चिमटीत घेऊन बघायचे. मी राहुरीहून डिप्लोमा करून आले, तेव्हा हेच त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं. एकदा वरून ग्रीस बदलायचा हुकूम आला. नव्या ग्रीसचा सांधा निम्म्या वेळातच तापला. उघडला तर तेल सुटून वेगळं झालेलं, आतल्या गोळ्यांवर खड्डे. हेच मोठे साहेब म्हणाले, मशिनचा दोष असेल, माल थांबलाय, पास लिहा. काकांनी दुसरा सांधा लावला, तिसरा लावला. तेच. मग रिपोर्ट साहेबांपुढे ठेवून ते हळूच म्हणाले, “साहेब, ह्या गाड्यांत लेकरंबाळं बसनार हायेत. मला न्हाई जमायचं.”

पुढच्या आठवड्यात त्यांना गेटजवळच्या स्टोअरमध्ये पुठ्ठ्याची खोकी रचायला बसवलं. आणि तो रिपोर्ट, नव्यानं टाइप केलेला, माझ्यापुढे आला. नोकरीला वर्षही झालं नव्हतं... मी सही केली.

काही महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. वळणावर टकटक आवाज, दोन-तीन गाड्या तर भररस्त्यात अडकून पडल्या. कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. कंपनीनं गुपचूप जुनं ग्रीस परत आणलं, काकांना मात्र परत आणलं नाही. चूक कबूल करावी लागली असती ना! निवृत्त होईपर्यंत ते खोकीच रचत राहिले. मी समोरून गेले की विचारायचे, जेवलीस का. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारखान्यातल्या शोकसभेत साहेब काकांच्या निष्ठेवर बोलले. रूथकाकू, काकांच्या पत्नी, पहिल्या रांगेत खाली मान घालून ऐकत होत्या. माझ्यानं बसवेना. उठून म्हणाले, “साहेब, त्यांना टेस्टिंगमधून तुम्ही काढलंत. आणि त्यांनी नाकारलेली सही मी केली.” सभा तिथंच संपली.

काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “त्यांची खोली दाव मला.” इतक्या वर्षांत त्यांनी ती पाहिलीच नव्हती. आत मशिनवर नवा सांधा फिरत होता, शेजारच्या टेबलावर त्याचा रिपोर्ट माझ्या सहीसाठी पडला होता. काका स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनला टेकवून मूठ कानाला लावायचे, आतला आवाज ऐकायचे. मी तसं करून दाखवलं. काकूंनी पदर सावरून मूठ कानाला लावली आणि कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या...

“ह्यो बरोबर हाय का गं?”

“हो काकू. सकाळी उघडून पाहिला, मग परत चढवला. चांगला आहे.”

“मंग कर सही,” त्या म्हणाल्या.