चार रेघा आणि आबांचा अबोला

वसमतच्या बसस्टँडवर मला सोडायला आमचं अर्धं हट्टा गाव आलं होतं. मी काही लढाईला निघाले नव्हते, जर्मनीत म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स म्हणून निघाले होते. पण आईनं रडण्याचा सूर असा लावला की कंडक्टरला घंटी वाजवायची हिंमत होईना. तिनं हळदीची पिशवी माझ्या बॅगेत कोंबायची आणि आबांनी "इमानात वास सुटंल" म्हणत बाहेर काढायची, असा खेळ चालला होता. आबा म्हणजे माझे वडील. गावच्या बुद्धविहारात वंदना तेच घेतात. बस हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "वंदना चुकवू नको, बाई."

तो आश्रम ख्रिस्ती नन चालवतात. पलंगाच्या चादरी बदलताना मी विहारातल्या गाथा गुणगुणायची. ते म्हाताऱ्या सिस्टर आग्नेसनं ऐकलं. त्यांच्या प्रार्थनेतल्या जाड आवाजाच्या बाया एकेक करून देवाघरी गेल्या होत्या. "गाशील?" म्हणाली. मला नाटकाची हौस, तुम्हाला ठाऊकच आहे; लगेच हो म्हटलं.

तिनं पुढ्यात त्यांच्या जुन्या स्वरलिपीचं पान ठेवलं. चार काकऱ्या ओढाव्यात आणि त्यांत काळी ढेकळं पडावीत, तसं दिसत होतं. ताल नाही, मात्रा नाही. चौकोनी ठिपका वर गेला की आवाज वर. सुरुवातीची खूण सांगणार की आज 'सा' कुठल्या रेघेवर आहे. पुढच्या पानावर तो दुसऱ्याच रेघेवर! मी विचारलं, "हा भाडेकरू आहे का?"

पहिल्या संध्याकाळी सिस्टरनं एकटीनं पहिली ओळ उचलली. विहारात आबा ओळ म्हणतात आणि आपण ती तशीच मागे म्हणतो. मी खणखणीत आवाजात तीच ओळ परत म्हटली. इथं बाकीच्यांनी पुढचं म्हणायचं असतं. सगळ्या पुढे गेल्या आणि मी चुकलेल्या वासरासारखी मागे. हसता हसता सिस्टरची कवळी निसटली.

वर्षभरानं मात्र कधी न ऐकलेलं गाणं मी नुसत्या कागदावरून गायले. कोणी कानात सांगितलं नव्हतं, तरी ते गळ्यात आलं! आनंदानं मी व्हिडिओ घरी पाठवला.

तिथंच घोटाळा झाला. व्हिडिओ गावभर फिरला. पारावर कुणीतरी आबांना टोचलं, "तुमची पोरगी गळ्यात क्रॉस घालून राहिली म्हणं?" गळ्यात माझं आयकार्ड होतं! पण आबांनी माझा फोन घेणं सोडलं. निरोप आई द्यायची, "ते म्हणतेत, माझ्या बापानं एकदा देव सोडले, ते काय धर्म बदलायची सवय लागावी म्हणून?"

रजा काढून मी हट्ट्याला गेले. ओट्यावर आबांसमोर ते पान धरलं आणि हळू आवाजात गायले. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तुला बसवतेत कुठं?"

"पहिल्या रांगेत, सिस्टरच्या बाजूला," मी बक्षीस दाखवावं तसं सांगितलं.

जातीपायी आबा शाळा शिकले ते वर्गाच्या दाराबाहेर बसून.

"म्हणून गेली व्हय?"

तुम्ही मला ओळखता. टोल्याला टोला देणारी बाई मी, पण त्या दिवशी मी त्या पानाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

आता ते फोन घेतात. हळदीचा भाव सांगतात, थंडीचं विचारतात. गाण्याचं विचारत नाहीत. मी अजून गाते. मात्र पहिल्या रांगेत बसताना दर वेळी अडखळते: मी सुरासाठी आले, की खुर्चीसाठी?

इकडची जर्मन माणसं भली आहेत. कशी आहेस, जेवलीस का, सगळं विचारतात. पण आबांचा हा प्रश्न विचारायचं त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. जिथं मला हे विचारलं जातं, तो ओटाच आता माझं घर. तिथं एक उत्तर घेऊन जायचं आहे. ते मला अजून सापडलेलं नाही, आणि आबा थकत चाललेत.